शुश्रूषेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे



पुण्याच्या दक्षिणेस वसलेले कात्रज पूर्वी आपल्या तलावासाठी प्रसिद्ध होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी या तलावाचे पाणी जमिनीखालून बांधलेल्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत व पेठापेठांतील हौदांपर्यंत आणले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. तलाव कितीही भरलेला असला, तरी मधेच नळ तुंबला म्हणजे पेठेतील घागर रिकामी राहत असे.

आज त्याच कात्रज-धनकवडी परिसरात भारती विद्यापीठाचे रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि परिचर्या महाविद्यालय उभे आहे. आजारी माणूस बरा झाला की आपण डॉक्टरांचे आभार मानतो आणि ते योग्यच आहे. परंतु डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध रुग्णाच्या मुखी पडेपर्यंत आणखी दोन हातांतून जाते. एक हात औषधनिर्मात्याचा, ज्यांना आपण फार्मसिस्ट म्हणतो; दुसरा हात परिचारिकेचा. कात्रजच्या नळाची गोष्ट येथेही खरी आहे. मधल्या दुव्यांत मेळ नसेल तर उत्तम औषधही रुग्णापर्यंत नीट पोहोचत नाही.

यांपैकी परिचारिकेचा दुवा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात फार अशक्त होता. मराठी घरांतील, लिहितावाचता येणारी स्त्री या कामास मिळत नव्हती. मिळाली तर समाज तिला मान देत नव्हता. ती मिळावी आणि तिला मान मिळावा म्हणून ज्यांनी लोकनिंदा सोसली, त्या रमाबाई रानडे यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. २०१२ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेने त्यांचे बालपण व संसार घरोघरी पोहोचवला. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र तितकासा परिचित नाही. रुग्णसेवेच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे.

देवराष्ट्रे ते पुणे

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती. मुलीच्या हाती पाटी आली तर तिला वैधव्य येते, असा समज भल्या भल्या घरांत होता. यमुनाही अक्षरओळखीवाचूनच वाढली.

१८७३ साली, अकराव्या वर्षी, तिचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर या सुधारकाने एखाद्या विधवेशी विवाह करावा, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि ती अकारण नव्हती. परंतु विवाहानंतर त्यांनी एक गोष्ट निश्चयाने केली. या मुलीच्या हाती त्यांनी पाटी दिली. प्रथम मराठी, मग इंग्रजी असे शिक्षण घरच्या घरी सुरू झाले.

हे शिक्षण सोपे नव्हते. रानड्यांच्या घरी वडीलधाऱ्या स्त्रियांचा मोठा गोतावळा होता. सुनेने वाचायला बसावे, त्यातही इंग्रजी वाचावे, हे त्यांना रुचत नव्हते. टोमणे, अबोला, कामांचा भार, सर्व काही रमाबाईंच्या वाट्याला आले. उलट उत्तर द्यायचे नाही आणि अभ्यास सोडायचा नाही, या दोन गोष्टी त्यांनी सांभाळल्या. पुढे सार्वजनिक कार्यात त्यांची जी शांत चिकाटी दिसून आली, तिचे मूळ माजघरातील या वर्षांत आहे असे आम्हांस वाटते.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. रमाबाई रानडे त्यांच्या सभांना जाऊ लागल्या. दोन वर्षांनी, १८८४ साली, मुलींची हुजूरपागा शाळा सुरू झाली. ती उभारणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे प्रमुख होते आणि रमाबाई त्यांच्या पाठीशी होत्या. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढे केडगाव येथे मुक्ती मिशन उभारले. दोघी रमाबाईंच्या वाटा निराळ्या झाल्या. निराधार स्त्रीला शिकवून स्वतःच्या पायावर उभे करावयाचे, हे ध्येय मात्र दोघींचे एकच राहिले.

स्पर्शाचा प्रश्न

रमाबाईंच्या कार्याची अडचण नीट कळण्यासाठी एका घटनेची आठवण करणे आवश्यक आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. रानडे, टिळक, गोखले यांच्यासह अनेक प्रतिष्ठित हिंदू गृहस्थ तेथे गेले होते. सभेनंतर चहा देण्यात आला. ख्रिस्ती लोकांच्या हातचा तो चहा काहींनी घेतला, काहींनी नुसता पेला उचलून खाली ठेवला. या एवढ्याशा गोष्टीवरून पुण्यात मोठे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर १८९२ साली मित्रमंडळींची कुचंबणा टळावी म्हणून रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना त्याचे वाईट वाटले होते.

या घटनेचा रुग्णसेवेशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध अगदी जवळचा आहे. ज्या समाजात परक्या हातच्या एका पेल्याने इतका क्षोभ होत होता, त्या समाजाला दवाखान्यातील औषध घेणे किती कठीण जात असेल? ते औषध कंपाउंडरच्या हातचे, कोणी भरलेल्या पाण्यात कालवलेले. ते पाजणारी परिचारिका बहुधा परजातीची किंवा परधर्माची. अनेक कर्मठ घरांतून अशा औषधाला स्पष्ट नकार असे. आजारी स्त्रियांची स्थिती तर अधिकच बिकट होती. पुरुष डॉक्टरांसमोर जायचे नाही, परक्या हातचे प्यायचे नाही, आणि आपल्यातल्या स्त्रीने ही विद्या शिकायची नाही. अशा तिहेरी कोंडीत किती बाळंतिणी व किती मुले दगावली असतील, याची मोजदाद नाही.

१८९६ साली मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेगची साथ आली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. घरांच्या झडत्या व स्त्रियांची तपासणी यांवरून पुण्यात किती संताप उसळला, हे इतिहासात नमूद आहे. लोकांचा विश्वास असलेल्या, शिकलेल्या परिचारिका तेव्हा पुरेशा असत्या, तर लोकांचे भय काही अंशी तरी कमी झाले असते.

या काळात परिचारिकेचे काम मुख्यतः ख्रिस्ती स्त्रियांनी उचलले होते. मिशन रुग्णालयांत, सरकारी इस्पितळांत, धर्मभगिनींच्या आश्रमांत त्या सेवा करीत होत्या. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. अशा रुग्णालयांतून मराठी ख्रिस्ती मुली परिचारिका झाल्या. आपल्या समाजाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यातून एक दुष्परिणामही झाला. शुश्रूषा हे ख्रिस्ती बायकांचे काम, आपल्या मुलींचे नव्हे, असा समज इतरांत दृढ झाला. हा समज मोडण्याचे काम रमाबाईंना करावयाचे होते.

वैधव्य आणि सेवेची वाट

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुंबईत रमाबाईंनी स्त्रियांचे मंडळ चालवले. भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम व हस्तकला यांचे वर्ग काढले. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया तेथे येऊ लागल्या.

१९०० च्या अखेरीस न्यायमूर्तींची प्रकृती ढासळली. लाहोर येथे भरणाऱ्या सामाजिक परिषदेस जाण्याचे त्यांना रद्द करावे लागले. त्यांच्या अखेरच्या आजारात रमाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे देहावसान झाले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्याही नव्हत्या.

त्या पुण्यास परत आल्या. सुमारे वर्षभर त्यांनी एकांतात काढले. त्यानंतर त्या हळूहळू बाहेर पडल्या, त्या दुःखितांच्या भेटीसाठी. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांकडे त्या जात, त्यांच्याशी बोलत बसत. पुण्यातील रुग्णालयांत जाऊन त्या रुग्णांना फळे, फुले व पुस्तके देत. रुग्णालयात नेहमी जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकरच कळते. औषध मिळाले तरी रुग्णाला दिवसाचे चोवीस तास कोणीतरी लागते. वेळेवर औषध पाजणारे, कूस बदलणारे, ताप पाहणारे, रात्री हाक ऐकणारे माणूस लागते. या भेटींतून रमाबाईंना हे अगदी जवळून दिसत होते.

१९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. रमाबाई त्याच्या अध्यक्ष होत्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल या दोन समाजसेवकांनी स्त्रियांसाठी एक सदन काढावे आणि भारतीय स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण द्यावे, अशी योजना आखली. मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडे आले. त्यातून मुंबईचे सेवासदन जन्मास आले. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी संस्थेच्या कारभाराची धुरा वाहिली आणि रमाबाई तिच्या आधारस्तंभ झाल्या. पुण्याच्या संस्थेची स्वतंत्र नोंदणी १९१५ साली झाली.

सेवासदनातील शिक्षण

सेवासदनाचा आरंभ साध्या वर्गांनी झाला. लिहिणे, वाचणे, हिशेब, शिवण हे विषय शिकवले जात. येणाऱ्यांत बहुसंख्य विधवा व परित्यक्ता स्त्रिया होत्या. कोणाला सासरी जागा नव्हती, कोणाला माहेरी. रमाबाई स्वतः विधवा होत्या. त्यामुळे त्या स्त्रियांचे दुःख त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यानंतर परिचारिका, सुईण व वैद्यक शिक्षणाचा प्रश्न हाती घेण्यात आला. पुण्यात १८६७ पासून ससून रुग्णालय होते. बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते उभे राहिले होते. त्याच्याशी संलग्न बी. जे. मेडिकल स्कूल होते. सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनी तेथे शिक्षणासाठी पाठवण्यास आरंभ केला. त्यांच्यासाठी वसतिगृहे काढली. शिकाऊ परिचारिकांसाठी एक, वैद्यक शिकणाऱ्या मुलींसाठी दुसरे. ही व्यवस्था फार महत्त्वाची होती. रात्रपाळी करून येणाऱ्या मुलीला राहण्यास सुरक्षित जागा असल्याखेरीज कोणतेही घर तिला हे शिक्षण घेऊ देणार नव्हते. रमाबाईंच्या नावाने मिळणारी हमी हाच पुष्कळ घरांचा आधार होता.

विरोधकांचे आक्षेप वाचकांना कल्पनेनेही समजतील. परपुरुषाच्या शरीरास हात लावावा लागेल. मलमूत्र काढावे लागेल. जातगोत न पाहता सर्वांना शिवावे लागेल. रात्री घराबाहेर राहावे लागेल. या प्रत्येक आक्षेपात थोडेफार तथ्य होते, कारण शुश्रूषा म्हणजे खरोखरीच ही सर्व कामे. ही कामे हलकी नाहीत, हे पटवून देणे हाच त्यावर उपाय होता. तो उपाय रमाबाईंनी स्वतःच्या वागण्याने केला. आळंदीच्या यात्रेत त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांसह स्त्रीयात्रेकरूंच्या सेवेसाठी जात. १९१३ साली गुजरात-काठेवाडातील दुष्काळात त्यांनी मदतकार्य केले. न्यायमूर्तींची पत्नी जे काम करते ते हलके कसे म्हणावे, असा पेच त्यांनी पुणेकरांपुढे टाकला.

चिठ्ठी, बाटली आणि नाडी

रमाबाईंनी साक्षरतेला जे महत्त्व दिले त्याचा रुग्णसेवेशी किती निकटचा संबंध आहे, हे त्या काळच्या रुग्णालयाची रीत पाहिल्यावर ध्यानात येते. डॉक्टर रुग्णाला तपासून चिठ्ठी लिहीत. ती कंपाउंडरकडे जाई. तयार गोळ्या व वेष्टणे तेव्हा थोडी. कंपाउंडर खलात औषध घोटून, तराजूत तोलून, मापात मोजून मिश्रण तयार करी. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी. त्या पट्टीच्या खाचांवरून एका वेळची मात्रा कळे. बाटली हलवून घ्यावी, औषध पोटात घ्यावयाचे की अंगास लावावयाचे, हे वर लिहिलेले असे. इथे कंपाउंडरचे काम संपे व परिचारिकेचे सुरू होई.

परिचारिकेला ती चिठ्ठी वाचता आली नाही तर? पोटात घेण्याचे औषध व चोळण्याचे औषध यांत अदलाबदल झाली तर? त्या काळी अफूचा अर्क व कुचला यांसारखी जहाल द्रव्ये औषधांत सर्रास वापरली जात. मात्रा चुकली म्हणजे औषध विष होई. हृदयविकारावर दिल्या जाणाऱ्या डिजिटॅलिसचेच उदाहरण घ्या. हे औषध नाडी मंद करते. म्हणून ते देण्यापूर्वी परिचारिकेने घड्याळ लावून नाडी मोजावयाची, ती फार मंद असेल तर मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवावयाचे, हा नियम आहे. त्याच वर्गातील डिजॉक्सिन हे औषध आजही वापरले जाते आणि हा नियम आजही पाळला जातो. औषध अचूक मोजणे हे कंपाउंडरचे कौशल्य. ते आत्ता या रुग्णाला द्यावे की नाही, हे पाहणे परिचारिकेचे. एकाच्या ज्ञानावाचून दुसऱ्याचे ज्ञान अपुरे होते.

म्हणून सेवासदनाच्या वर्गात एखादी विधवा प्रथम बाराखडी गिरवीत असे, तेव्हा ती केवळ अक्षरे शिकत नव्हती. पुढे ससूनच्या एखाद्या खाटेपाशी उभी राहून बाटलीवरची चिठ्ठी वाचण्याची, ताप नोंदवण्याची, डॉक्टर व कंपाउंडर या दोघांनाही प्रश्न विचारण्याची तिची तयारी होत होती. अकराव्या वर्षी पाटी हाती घेतल्याबद्दल घरच्या बायकांचे बोल सोसणाऱ्या रमाबाईंनी ती पाटी अशा रीतीने रुग्णाच्या उशाशी नेऊन ठेवली.

समारंभातील प्रसंग

रमाबाईंच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. सेवासदनाचा वार्षिक समारंभ होता. बक्षीस घेण्यासाठी एक विधवा विद्यार्थिनी व्यासपीठाकडे निघाली. रूढीप्रमाणे केशवपन केलेली, डोक्यावरून पदर घेतलेली. तिला पाहून सज्जात बसलेल्या काही महाविद्यालयीन तरुणांनी हुल्लडबाजी केली, तिची टर उडवली. सभा शेवटास आली तेव्हा आभार मानण्यासाठी रमाबाई उठल्या. एरवी सौम्य बोलणाऱ्या त्या स्त्रीच्या आवाजात संताप होता. दुःखाने गांजलेली एक भगिनी शिकून उभी राहू पाहते आणि शिकलेले म्हणवणारे तरुण तिला हसतात, हे शिक्षण कसले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह स्तब्ध झाले.

त्या तरुणांपैकी कितीतरी जण पुढे डॉक्टर, वकील, अंमलदार झाले असतील. आजारपणात त्यांना किंवा त्यांच्या आईला अशाच एखाद्या परिचारिकेने औषध पाजले असेल. आपण ज्याला हसतो त्याच्या हातून जीवदान घेण्याची वेळ कोणावरही येऊ शकते, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

अखेरची वर्षे

सेवासदन वाढत गेले. अध्यापिका विद्यालय, वसतिगृहे, उद्योगवर्ग अशा शाखा निघाल्या. रमाबाईंनी मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी चळवळ केली. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून १९२१-२२ च्या सुमारास त्यांनी प्रयत्न केले. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. सेवासदन ही संस्था पुण्यात आजही शिक्षणाचे कार्य करीत आहे.

एक गोष्ट येथे आवर्जून नोंदवावीशी वाटते. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. मराठीतील आत्मकथनांत त्याचे स्थान मानाचे आहे. परंतु त्यातील कथा १९०१ साली, न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबते. त्यानंतर रमाबाईंनी तेवीस वर्षे स्वतःच्या बळावर जे कार्य केले, त्याविषयी त्यात काही नाही. रात्रभर रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्या परिचारिकेचे नाव जसे सकाळी कोणाला आठवत नाही, तसेच काहीसे हे आहे. हा विनय आदरणीय खराच. पण त्यामुळे आपण त्यांचे ऋण विसरावे असे नाही.

आजची स्थिती

रमाबाईंच्या नंतरच्या शतकात दोन्ही व्यवसायांचे रूप पालटले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, १९४८ साली फार्मसी कायदा झाला. कंपाउंडरच्या जागी नोंदणीकृत औषधनिर्माता आला. २००८ पासून आपल्या देशात फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातील विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णकक्षात जाऊन औषधोपचारांचा अभ्यास करतात. २०१५ च्या नियमांनी औषधाविषयी रुग्णाला समजावून सांगणे हा औषधनिर्मात्याच्या कामाचा भाग ठरवला. परिचर्येतही नवी पायरी आली. अमेरिकेत १९६५ पासून नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे अधिक शिक्षण घेऊन रुग्णतपासणी व उपचारांची मोठी जबाबदारी उचलणाऱ्या परिचारिका, तयार होऊ लागल्या होत्या. भारतात गेल्या दशकात प्रथम अतिदक्षता विभागासाठी आणि नंतर, २०१८ पासून, प्रसूतिसेवेसाठी असे शिक्षण देण्याची योजना पुढे आली. २०२३ साली परिचर्या व प्रसूतिविद्येसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदाही झाला.

ज्ञान वाढले, तशी गुंतागुंतही वाढली. आज साठीच्या पुढील व्यक्तीच्या डब्यात रक्तदाब, मधुमेह, हृदय, सांधे अशा निरनिराळ्या आजारांच्या सहा-सात गोळ्या सहज असतात. त्या लिहून देणारे डॉक्टर वेगवेगळे असतात. नावे एकमेकांसारखी, वेष्टणे एकमेकांसारखी. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दुहेरी घेतले जाण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी जगभर मोहीम हाती घेतली, ती यासाठीच. परिचारिका योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ व योग्य मार्ग या पाच गोष्टी पडताळून औषध देते. औषधनिर्माता दोन औषधे एकमेकांना बाधक तर नाहीत ना, मूत्रपिंड अशक्त असलेल्या रुग्णाला मात्रा कमी करावयास हवी का, हे पाहतो. रुग्णाला गोळी गिळता येत नाही, किंवा औषध घेतल्यापासून त्याला भोवळ येते, हे परिचारिकेला प्रथम कळते. ते तिने औषधनिर्मात्यास सांगितले तर तो दुसरा पर्याय डॉक्टरांना सुचवू शकतो. तिने सांगितले नाही, किंवा त्याने ऐकून घेतले नाही, तर ज्ञान दोघांपाशी असूनही रुग्ण त्यास मुकतो.

येथेच रमाबाईंच्या जीवनाचे मोल आजही जाणवते. एकत्र काम करण्यासाठी नियम लागतात, शिक्षण लागते. परंतु सर्वांआधी परस्परांविषयी आदर लागतो. ज्या परिचारिकेला समाज हलकी समजतो तिचे म्हणणे कोणी ऐकत नाही. जिचे म्हणणे ऐकले जात नाही, ती पुढे विचारण्याचे सोडून देते. मग एखाद्या दिवशी चुकीची मात्रा तिला दिसते आणि तरीही ती गप्प राहते. त्या मौनाची किंमत रुग्ण मोजतो. तरुणांच्या हुल्लडीमुळे रमाबाई इतक्या व्यथित झाल्या, त्याचे कारण आम्हांस हेच दिसते. एका विद्यार्थिनीचा अपमान झाला, एवढ्यावर ती गोष्ट थांबणार नव्हती. तिच्या हाती पुढे ज्यांचे प्राण सोपवले जाणार होते, त्या सर्वांचे अहित त्यात होते.

आपल्यासाठी

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुली, आणि आता मुलगेही, परिचर्येच्या व औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाकडे वळत आहेत. कोणी पुण्यात, कोणी मुंबईत, कोणी आखाती देशांत सेवा करीत आहेत. आईवडील त्यांच्या वेतनाची चौकशी करतात, ती करावीच. परंतु त्यांच्या कामाची, त्यांच्या रात्रींचीही चौकशी करावी. आपल्या घरी कोणी रुग्णालयातून परत येईल, तेव्हा चार साध्या गोष्टी आपण अवश्य पाळाव्यात. घेत असलेल्या सर्व औषधांची एक यादी करून ती प्रत्येक डॉक्टरांना व औषधाच्या दुकानदारास दाखवावी. आयुर्वेदिक काढे व चूर्णेही त्या यादीत लिहावीत. घरी जाण्यापूर्वी कोणती जुनी गोळी बंद झाली व कोणती नवी सुरू झाली, हे परिचारिकेकडून समजून घ्यावे. शंका आल्यास औषधनिर्मात्यास निःसंकोच विचारावे. सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे. आणि ही विचारपूस करताना स्वर आर्जवी असावा, हुकमी नसावा.

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी आपण आजाऱ्यांचा जागतिक दिन पाळतो. त्या दिवशी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या उशाशी जागणाऱ्या व त्यांची औषधे मोजणाऱ्या हातांचेही स्मरण व्हावे. देवराष्ट्र्याची एक निरक्षर मुलगी पुण्यात येऊन अक्षरे शिकली, आणि वैधव्याच्या दुःखातून उठून शेकडो स्त्रियांना तिने रुग्णसेवेची वाट दाखवली. त्या वाटेवरून आज आपल्या मुली निर्धास्तपणे चालतात. त्या पाळीवर निघाल्या की त्यांना आदराने निरोप द्यावा, आणि थकून परत आल्या की त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवावे. रमाबाईंचे स्मरण आपल्याला आपल्या घरातही असे करता येईल.